आधी ‘चाचणी’ हा शब्द सोडा

तुमच्या वस्तीत एचआयव्ही प्रतिबंधक लशीच्या चाचणीबद्दल बैठक आहे, माहितीपत्रक छापून तयार आहे, सुरुवात कुठून करू असं तुम्ही विचारलंय. माझं ऐकाल तर आधी ‘चाचणी’ हा शब्दच सोडा. वस्तीत चाचणी म्हणजे रक्ततपासणी. आमच्या पहिल्याच बैठकीत निम्म्या बायका ‘रिपोर्ट कधी मिळणार?’ विचारत होत्या. आता मी सरळ ‘प्रयोग’ म्हणते. ‘म्हणजे आमच्यावर प्रयोग?’ असं कुणीतरी फणकारतंच. फणकारू द्या, खरं बोलणं तिथून सुरू होतं.

लशीत जिवंत एचआयव्ही नसतो, त्यामुळे लस टोचून लागण होत नाही, हे आधी सांगा. पण लस घेतली म्हणजे संरक्षण मिळालं असंही नाही. 2005 मध्ये पुण्यात भोसरीच्या ‘नारी’ या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत भारतातली पहिली एड्स लस टोचली गेली, तेव्हा तो पहिला टप्पा होता. निरोगी माणसांना ती सोसते का, मुख्यतः एवढंच बघायचं होतं. म्हणून निरोध चालूच.

प्रयोगात तुलनेसाठी कुणाला लस, कुणाला नुसतं पाणी टोचतात, आणि कुणाला काय मिळालं हे डॉक्टरलाही सांगत नाहीत. हे मी भिशीच्या चिठ्ठ्यांनी दाखवते. एकदा एका मावशींनी विचारलं, ‘डॉक्टरलाही माहीत नाही, मग मला त्रास झाला तर तो औषध कसलं देणार?’ माहितीपत्रकात याचं उत्तर नव्हतं! (कुणाला काय दिलं याची नोंद दुसरीकडे बंद असते, गरज पडली तर उघडतात.)

सगळ्यात महत्त्वाचं बहुतेक वेळा शेवटच्या पानावर ढकललेलं असतं. लशीने शरीरात प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढणारी प्रथिनं, तयार होऊ शकतात. साधी तपासणी तीच शोधते, आणि मग लागण नसतानाही तिच्यात पॉझिटिव्ह दिसू शकतं. बाळंतपणात, रक्तदानात, परदेशी नोकरीच्या मेडिकलमध्ये हे अंगाशी येतं. वेगळी तपासणी कोण करून देणार, किती वर्षं, हे संशोधकांकडून सगळ्यांसमोर वदवून घ्या.

आणि नुसत्या माना डोलल्या म्हणून खूश होऊ नका. दक्षिण आफ्रिका, युगांडा, झिम्बाब्वेतल्या ‘व्हॉइस’ प्रयोगात पाच हजारांवर बायका होत्या. तिथे लस नव्हती, एचआयव्ही टाळण्यासाठी गोळ्या आणि जेल दिलं होतं. ते नेमाने वापरतो म्हणाल्या, रक्तात मात्र औषध एक तृतीयांश नमुन्यांतही सापडलं नाही. गोळ्यांची डबी दिसली तर लोक आपल्याला एड्स झालाय म्हणतील, ही धास्तीही त्यामागे होती. तेव्हा ‘समजलं का?’ विचारू नका. ‘घरी सासूबाईंना कसं सांगाल, बोलून दाखवा’ म्हणा.

संमतीची सही त्या दिवशी नकोच. कागद घरी जाऊ दे. आमच्याकडे एकीने आठ दिवसांनी परत आणला, समासात मुलाच्या पेन्सिलीने सात प्रश्न लिहिलेले. शेवटी ती प्रयोगात आली नाही, पण ते सात प्रश्न आम्ही पुढच्या बैठकीत सगळ्यात आधी घेतले.