मुलाखतीआधी प्रयोग दोनदा बघ
प्रायोगिक नाटकवाल्यांशी बोलायला जाण्याआधी त्यांचा प्रयोग दोनदा बघ. पहिल्यांदा गोष्ट कळते, दुसऱ्यांदा दिग्दर्शकाने काय काय निवडलंय ते दिसतं. ‘कल्पना कशी सुचली?’ हे विचारूच नकोस, पाठ झालेलं उत्तर मिळतं. तालमीत कोणता प्रवेश गळला आणि का, ते विचार. माणूस मग मोकळा होतो. जागेबद्दल तर विचारच. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४पासून ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेचे प्रयोग व्हायचे. अशा छोट्या जागेत प्रेक्षक इतका जवळ असतो की आवाज, हालचाल, प्रकाश सगळंच निराळं बसवावं लागतं. लेखक आणि दिग्दर्शक यांना वेगवेगळं भेट. पडदा पडल्यापडल्या मात्र गाठू नकोस, तेव्हा त्यांना सामान आवरायचं असतं.