दिवाळीची मुदत आधी मागे घ्या

प्रश्न : माझा मुलगा 21 वर्षांचा आहे, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. तीन वर्षं जिम करतोय, आता पर्सनल ट्रेनर व्हायचं म्हणतो. मी विरोध केला नाही. एकच अट घातली, दिवाळीपर्यंत महिना 25 हजार घरात आले पाहिजेत, नाहीतर मेहुण्याच्या दुकानात बसायचं. दोन महिन्यांचा एक कोर्स आहे, 100 टक्के प्लेसमेंट म्हणतात. जिममधले सर म्हणाले, ट्रेनर म्हणून उभं राहायचं तर बॉडी अजून भरायला हवी, त्यासाठी इंजेक्शनचा कोर्स करावा लागेल. खर्चाला मी तयार आहे. कोणता कोर्स करावा?
– एक पालक, जुळे सोलापूर

उत्तर : नमस्कार. तुम्ही कोर्सबद्दल विचारलंय, पण इंजेक्शनचं वाक्य वाचल्यावर बाकी सगळं बाजूला ठेवावं लागतंय. त्यावर एक रुपयाही खर्च करू नका.

जिममध्ये 'इंजेक्शनचा कोर्स' म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा ते टेस्टोस्टेरॉन किंवा त्याच जातीचं अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड असतं. बाहेरून हार्मोन मिळालं की मेंदू वृषणांना संदेश पाठवायचं थांबवतो. शरीराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन आणि शुक्राणू दोन्ही घटतात. इंजेक्शन बंद केल्यावर गाडी रुळावर यायला महिने लागतात, काहींना त्याहून जास्त. रक्त दाट होतं, चांगलं कोलेस्टेरॉल घसरतं, हृदयावर ताण येतो. ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, आणि जिममधले सर डॉक्टर नाहीत. मुलानं आधीच काही घेतलं असेल तर ओरडू नका, नाहीतर तो लपवेल. फिजिशियनकडे न्या, काय आणि किती घेतलं ते त्याला स्वतःला सांगू द्या. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), लिपिड, लिव्हर, टेस्टोस्टेरॉन आणि एलएच (मेंदूकडून वृषणांना जाणारा संदेश) या तपासण्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. परिणाम उतरवायच्या गोळ्याही जिममधून घ्यायच्या नाहीत.

सुचवलं सरांनी, पण त्याला वाट तुमच्या अटीनं करून दिली. दिवाळीपर्यंत 25 हजार आणायचेत म्हटल्यावर पोरगा झटपट दिसेल असंच काहीतरी शोधणार. ती अट हिशेबातही बसत नाही. पीटीचे, म्हणजे पर्सनल ट्रेनिंगचे, क्लायंट येतात सकाळी साडेपाच ते साडेनऊ आणि संध्याकाळी तेवढाच वेळ, म्हणजे दिवसाचे 8 तास. एकाला एक तास आणि एकाआड एक दिवस धरले तर फार तर 16 क्लायंट. समजा एकाची फी महिना 4,000 आणि त्यातली निम्मी जिमनं ठेवली, तर मुलाच्या हातात 2,000. पंचवीस हजारांना 13 क्लायंट हवेत, म्हणजे जवळजवळ भरलेलं वेळापत्रक. नवीन मुलगा आधी फ्लोअर ट्रेनर म्हणून बेताच्या पगारावर मशीन दाखवतो, त्यातून एकेक क्लायंट मिळतो. त्यात मार्चमध्ये पोरांच्या परीक्षा, मग लग्नसराई आणि आपलं ऊन. तेव्हा माणसं गळतात.

बॉडी म्हणजेच ट्रेनर, हा समज मात्र नीट खोडून काढायला हवा. दंड फुगवायला आलेला विशीतला पोरगा पीटी लावत नाही. तो मित्राला बघून शिकतो. पैसे मोजतो तो 48 वर्षांचा दुकानदार, ज्याला शुगर आहे आणि जिना चढताना गुडघा दुखतो. त्याला तुमच्या मुलाच्या छातीचं माप नकोय. पहिल्या दिवशी व्यायाम नंतर, आधी चौकशी : छातीत दुखतं का, चक्कर येते का, गोळ्या कोणत्या? इन्सुलिन किंवा साखर झपकन उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील आणि साखर 90च्या खाली असेल, तर आधी 15 ग्रॅम कार्बोहायड्रेट खायला द्यायचं. बीपीसाठी बीटा-ब्लॉकर जातीची गोळी चालू असेल तर नाडी फारशी वाढतच नाही, म्हणून नाडीवर विसंबायचं नाही. बोलताना धाप लागते का ते बघायचं. वजन उचलताना श्वास कोंडू द्यायचा नाही, त्यानं बीपी उसळतं. मग खुर्चीवरून उठणं-बसणं, 8-8 चे 2 सेट, आणखी तीन-चार सहज निघतील तिथे थांबायचं. नवा ट्रेनर नेमका इथे चुकतो. जोशात पहिल्याच दिवशी लंजेसचे (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवण्याचे) 4 सेट घेतो. अंग दुखणं एक ते तीन दिवसांत सर्वात जास्त असतं. गिऱ्हाईक जिना उतरू शकत नाही आणि परत येत नाही.

आता कोर्स. आपल्याकडे ट्रेनरला सरकारी परवाना लागत नाही, म्हणून कुणीही प्रमाणपत्र छापू शकतो. 100 टक्के प्लेसमेंट कुठे, किती पगारावर, हे लेखी मागा. टाळाटाळ झाली तर तिथून उठा. ट्रेनरचं प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइज या संस्थेची परीक्षा 150 प्रश्नांची, 3 तासांची असते. वय 18 पूर्ण आणि सीपीआर-एईडीचं (हृदय बंद पडल्यास छाती दाबणं आणि शॉक देणारं यंत्र वापरणं) प्रमाणपत्र लागतं, दर 2 वर्षांनी नूतनीकरण. इंग्रजी कच्चं असेल तर अभ्यासाला सहा महिने धरा. कौशल्य विकास योजनेतलं फिटनेस ट्रेनरचं प्रमाणपत्र सुरुवातीला चालेल. बी.पी.एड. ही शारीरिक शिक्षणाची पदवी शाळेत शिकवण्यासाठी, त्याच्या वाटेला जायची गरज नाही. बी.कॉम. मात्र पुरं करायचंच. आगाऊ फी, रद्द झालेल्या सेशनचा नियम, हिशेबाची वही, यातच बरेच ट्रेनर बुडतात.

मुलाला तेलुगू किंवा कन्नड येतं का? सोलापूरच्या पूर्व भागात किंवा विजापूर रोडला त्याचा प्रमाणपत्राइतकाच उपयोग होईल. आहाराचंही असंच आहे. कडक भाकरी आणि शेंगाचटणी सोडा म्हणणारा ट्रेनर सोलापुरात टिकत नाही. चटणीत प्रथिनं आहेत, पण 100 ग्रॅम शेंगदाण्यात 550च्या वर कॅलरी असतात, म्हणून ती चमच्यानं मोजायची आणि सोबत डाळ, दही किंवा अंडी वाढवायची. शुगर किंवा किडनीच्या रुग्णाला पथ्य लिहून देणं हे त्याचं काम नाही, तिथे आहारतज्ज्ञाकडे पाठवायचं.

तेव्हा आज रात्री जेवताना मुलाला सांगा की दिवाळीची अट मागे घेतली, आणि दुकानाचा विषय तूर्त काढू नका. परीक्षा संपल्यापासून दोन वर्षं द्या. पहिले सहा महिने पगार विचारू नका. विचारायचंच तर एवढं विचारा : गेल्या महिन्यातल्या किती क्लायंटनी या महिन्याची फी भरली?