डिस्कव्हरी ३ चे एअर सस्पेन्शन वाळवंटासाठी कायमचे उंच करावे का?

दुबईत घेतलेल्या जुन्या लँड रोव्हर डिस्कव्हरी ३ च्या उंची मोजणाऱ्या सेन्सरच्या दांड्या बदलून तिची उंची कायमची वाढवली, तर वाळूत फायदा होईल का, असे आपण विचारले आहे. मी शारजात हीच गाडी वापरतो आणि तशा दांड्या बसवून पुन्हा काढल्याही आहेत.

या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स (जमीन आणि गाडीचा तळ यांतील अंतर) नेहमीच्या उंचीला १८५ मिमी आणि ऑफ-रोड उंचीला २४० मिमी असतो. मात्र वेग ताशी ५० किमीच्या पुढे गेला की गाडी आपोआप खाली बसते, आणि वाळूची टेकडी चढायला नेमका वेगच लागतो, म्हणून लोकांना या दांड्यांचा मोह पडतो. प्रत्येक चाकापाशी असलेला सेन्सर एका छोट्या दांडीने सस्पेन्शनच्या आर्मला जोडलेला असतो. तिची लांबी बदलली की गाडी खाली बसली आहे असा संगणकाचा समज होतो आणि तो एअर स्प्रिंगमध्ये, म्हणजे गाडी पेलणाऱ्या हवेच्या रबरी फुग्यांमध्ये, जास्त हवा भरतो. यात चाकाची एकूण हालचाल मात्र एका मिलिमीटरनेही वाढत नाही. जेवढी उंची वर मिळते, तेवढी चाकाला खाली जायची जागा कमी होते. त्यामुळे टेकडीच्या धारेवर चाक लवकर अधांतरी होते आणि शॉक अॅब्सॉर्बर टोकाला जाऊन धाडकन आदळतो.

दांड्या असतानाही मी वर आणखी ऑफ-रोड उंची लावून हिंडत असे. एके दिवशी पुढच्या रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसले. चाक फिरवणारा ड्राइव्ह शाफ्ट फार तिरका राहिल्याने त्याच्या सीव्ही जॉइंटचे (वळत्या सांध्याचे) ग्रीस धरून ठेवणारे रबरी बूट घडीवर फाटले होते. पुढचे टायरही आतून झिजले होते, कारण उंची बदलल्यावर चाकांचे अलाइनमेंट करावे लागते हे दांड्या बसवणाऱ्या गॅरेजने सांगितलेच नव्हते (आणि मीही विचारले नव्हते).

माझ्या मते आधी एअर स्प्रिंगच्या घड्यांवर साबणाचे पाणी मारून गळती तपासावी, कारण गळती असली की कॉम्प्रेसर सतत चालून लवकर निकामी होतो. वाळूत शिरताना टायरमधील हवा १५ पीएसआयपर्यंत उतरवावी. माझ्या अनुभवात दांड्यांपेक्षा याचाच उपयोग जास्त झाला. तरीही उंची वाढवायचीच असेल, तर २५ मिमीवर थांबावे आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजावे, म्हणजे टायरमधील हवेमुळे माप चुकत नाही. गाडीखाली शिरण्यापूर्वी चॅसिसला स्टँड लावावेत. नुसत्या हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये.