झपाटलेलं हॉटेल की झपाटणारं?

प्रश्न असा आहे: 'द शायनिंग' या १९८० सालच्या सिनेमाबद्दल मराठीत लिहिताना 'हॉन्टेड हॉटेल'ला 'झपाटलेलं हॉटेल' म्हणावं का? आणि 'स्लो-बर्न'ला, म्हणजे हळूहळू ताण चढवत नेणाऱ्या सिनेमाला, काय शब्द वापरावा?

'झपाटलेलं हॉटेल' कळेल, पण माझ्या कानाला ते खटकतं. आपल्याकडे झपाटतं ते भूत आणि झपाटला जातो तो माणूस. 'त्याला पिंपळावरच्या मुंज्यानं झपाटलं' असं म्हणतात. वाड्यात मात्र 'भुताटकी असते', तो 'भुताचा वाडा' असतो. नाहीतर आवाज खाली आणून 'ती जागा चांगली नाही' एवढंच सांगतात. 'पछाडणे'सुद्धा माणसालाच.

या सिनेमात तर हा फरक फार कामाचा आहे. हिवाळाभर बंद राहणाऱ्या ओव्हरलुक हॉटेलची राखण करायला जॅक बायको-मुलाला घेऊन येतो आणि पुढे ते हॉटेलच त्याला धरतं. म्हणजे हॉटेल झपाटणारं, झपाटलेला जॅक. शिवाय आपल्या शब्दाला एक चांगली बाजूही आहे: कामानं झपाटलेला, नाटकानं झपाटलेला. जॅक टाइपरायटरवर बसून असतो, वेंडीला वाटतं नवरा लेखनानं झपाटलाय. मग एके दिवशी ती टेबलावरचे कागद उलटते. पानामागून पान तेच एक वाक्य, कुठे परिच्छेद पाडून, कुठे संवादासारखं मांडून. 'झपाटलेला'चा एक अर्थ दुसऱ्याला गिळतो तो इथे. 'हॉन्टेड'मध्ये ही सोय नाही.

'स्लो-बर्न'ला 'संथ' नको, त्यात कंटाळ्याची तक्रार ऐकू येते. 'धुमसता भयपट' चांगला शब्द आहे, आणि स्टीफन किंगच्या मूळ कादंबरीला तो शोभेलही, कारण तिथे बॉयलर फुटून हॉटेल जळतं. पण सिनेमाचा दिग्दर्शक कुब्रिक, त्यानं शेवट बदलला. त्याचा जॅक बर्फात गोठतो. म्हणून मला 'भिनणे' हे क्रियापद हवंसं वाटतं. छोटा डॅनी रिकाम्या बोळांतून तीनचाकी सायकल फिरवतो. लाकडी जमिनीवर चाकांचा खडखडाट, गालिच्यावर एकदम शांत, पुन्हा खडखडाट. घडत काहीच नाही, तरी पुढच्या वळणाची धास्ती वाटायला लागते. गारठा अंगात भिनतो तशी. मी 'भिनत जाणारा भयपट' असं लिहीन.