सही आईची, होकार कुणाचा?

पोरी,

तुझं पत्र पोचलं. पहिल्याच ओळीत, तू काम करतेस त्या निवासी केंद्रातल्या, बौद्धिक अक्षमता असलेल्या त्या मुलाचं नाव, आडनाव, वय, आजार, खोलीचा नंबर. मी पेन घेतलं, नाव-आडनाव आणि नंबर गिरगटून टाकले आणि मगच पुढं वाचायला बसले. मला जवळची मानतेस म्हणून लिहिलंस, हे कळतं. तरीही.

गोळीचं मी त्याच संध्याकाळी तुझ्याशी फोनवर बोलले, कारण ते पत्रोत्तराची वाट बघण्यासारखं नव्हतं. फिटवरची गोळी एकाएकी सुटली तर फिट उलटून येते, कधी थांबता थांबत नाही, जिवावर बेतते. तो गोळ्या उशीच्या खोळीत लपवतो हे त्यानं तुला विश्वासानं दाखवलं, 'आईला सांगू नकोस' म्हणाला, आणि तू 'कुणालाच सांगणार नाही' असा शब्द देऊन बसलीस. तो शब्द तू द्यायलाच नको होता. जिवाला धोका असेल तर मला नर्सला सांगावं लागेल, हे पहिल्या दिवशीच सांगून ठेवायचं असतं, गुपित ऐकल्यावर नाही. पण शब्द मोडायची वेळ आली तरी पाठीमागून मोडायचा नाही. तू त्याच्यापाशी गेलीस, चूक कबूल केलीस, आणि दोघं मिळून नर्सकडे गेलात, हे फार चांगलं झालं. मग कळलं की त्या गोळीनं त्याला दिवसभर गुंगी येते, कामाच्या टेबलावर डोकं टेकतं, सगळे हसतात. आता डॉक्टर मात्रा बदलून बघताहेत. त्याची फाईल जाडजूड आहे म्हणतेस. त्या फाईलमध्ये 'गोळी घेतल्यावर तुला कसं वाटतं?' हा प्रश्न एकदाही नाही. कुणी विचारलंच नाही.

तुझा खरा गोंधळ पुढचा आहे. सुपरवायझर म्हणतात, संमतीपत्रावर आईची सही आहे, आईला सगळं कळवायचं. आई म्हणते, मी जन्मापासून सांभाळलं, माझ्यापासून काय लपवता? दोघंही वाईट नाहीत. कुणाचं ऐकू, असं तू विचारतेस. त्याचं. 24 वर्षांचा आहे तो. त्याला विचार. आईला काय सांगायचं, कुणी सांगायचं, काय सांगायचं नाही. कदाचित तो म्हणेल, गुंगीचं सांग, लपवल्याचं नको सांगू. मग तेवढंच सांग. आईला धीर द्यायचं काम निराळं, तेही मनापासून कर. तिची भीती खरी आहे. पण तिच्या भीतीवर उतारा म्हणून त्याचं आयुष्य तिच्यापुढं उघडं करायचं नाही.

आता माझं ऐक.

आमच्या केंद्रात एक बाई होत्या, वयानं माझ्यापेक्षा मोठ्या. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या दोषानं स्नायूंवर ताबा न राहणं, त्यामुळं बोलता येत नसे. व्हीलचेअरला लावलेल्या पाटीवर मुळाक्षरं होती, त्यांवर उजव्या मुठीचं हाड टेकवून त्या बोलत. हात वाटेतच झटका खाई, परत मागं येई, पुन्हा निघे. एका वाक्याला दहा-दहा मिनिटं लागत. आम्हाला माणसांना खाटेवरून उचलायचं यंत्र हवं होतं, त्यासाठी देणगीदारांना अहवाल पाठवायचा होता. मी त्यांचा भरवतानाचा फोटो काढला. गळ्याला फडकं, तोंड उघडं, हनुवटीवर ओघळ. त्यांच्या भावाची लेखी परवानगी घेतली होती, रीतसर. अहवाल गेला, आणि तोच फोटो मोठा करून आम्ही व्हरांड्यात लावला. दोन दिवसांनी त्यांनी मला थांबवलं आणि पाटीवर हात न्यायला लागल्या. घाईत असताना त्या काना-मात्रा सोडून देत, आपण भरून घ्यायच्या. व. च. र. ल. स. क.

विचारलंस का.

फोटो मी तेव्हाच उतरवला, पण अहवालाच्या प्रती वाटून झाल्या होत्या. मी माफी मागितली. त्यांनी मान वळवली आणि तो विषय पुन्हा कधी काढला नाही. यंत्र आलं. त्यावर सगळ्यात आधी त्यांचीच आंघोळ झाली, आणि आमच्या पाठी वाचल्या. तीस माणसांमागे आम्ही दोघी होतो, पैसा कुठून येणार होता? हे मी आजही मनात कुणाला तरी समजावत असते. तेव्हा सगळीकडे असंच चाले, हेही खरं. पण यांतलं काहीच त्या सहा अक्षरांना पुरत नाही. मी विचारलं असतं तर कदाचित त्या हो म्हणाल्या असत्या. वेगळा फोटो निवडला असता, तोंड पुसून, पाटीवर बोलतानाचा. मला कधीच कळणार नाही, कारण विचारलं नाही.

म्हणून सहीचं कौतुक मला सांगू नकोस. 1956 पासून पुढं बरीच वर्षं न्यूयॉर्कच्या विलोब्रूक संस्थेत बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना मुद्दाम काविळीच्या विषाणूची लागण करून प्रयोग झाले. पालकांच्या सह्या होत्या, प्रत्येक कागदावर. एक वेळ अशी आली की संस्थेत नव्या मुलांना जागा नव्हती, पण प्रयोगाच्या विभागात होती. घरी सांभाळणं अशक्य झालेल्या आईनं त्या कागदावर सही केली, तर तिला होकार म्हणायचं? आणि मुलांना तर कुणी विचारलंच नव्हतं.

पुढं 2006 मध्ये अपंग व्यक्तींच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याचं 22 वं कलम खासगीपणाचं आहे. माणूस कुठंही आणि कशाही व्यवस्थेत राहत असो, त्याच्या खासगी आयुष्यात मनमानी ढवळाढवळ करायची नाही आणि त्याच्या आरोग्याची माहिती इतर कुणाच्याही माहितीइतकीच जपायची, असं ते सांगतं. 2014 मध्ये कराराच्या समितीनं आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. खूप प्रयत्न करूनही माणसाची इच्छा कळली नाही, तरी 'त्याच्या भल्याचं काय' हे आपण ठरवायचं नाही. त्याला ओळखणाऱ्यांकडून, त्याच्या आवडीनिवडींवरून, त्याची इच्छा काय असेल याचा जास्तीत जास्त जवळचा अंदाज बांधायचा. 'भल्यासाठी' या शब्दाखाली मी अर्धं आयुष्य काढलं, म्हणून हे वाक्य मला टोचतं आणि म्हणूनच तुला सांगते.

विचारायचं म्हणजे कसं, हे मात्र शिकावं लागतं. 'चालेल ना?' असं विचारलंस तर तो 'हो' म्हणेल. बौद्धिक अक्षमता असलेली माणसं आयुष्यभर 'हो' म्हटल्यावर शाबासकी आणि 'नाही' म्हटल्यावर ओरडा खात आलेली असतात. तोच प्रश्न उलटा करून विचार. दोन्हींना 'हो' आलं तर तुला उत्तर मिळालेलंच नाही. चित्रं दाखव. काय कळलं ते त्याच्या शब्दांत सांगायला लाव. एक रात्र जाऊ दे आणि उद्या परत विचार. बोलता न येणारा माणूसही बोलतो: ओठ मिटतो, अंग ताठ करतो, मान फिरवतो. तो नकारच असतो, त्याला 'आज मूड नाही' म्हणून नोंदवहीत चढवू नकोस. एका बाबतीत निर्णय झेपला नाही म्हणजे कुठल्याच बाबतीत झेपणार नाही, असंही नसतं. पैशाचा हिशेब न जमणाऱ्याला आपल्याला अंघोळ कुणी घालावी हे पक्कं ठाऊक असतं. काल 'हो' म्हणालेला आज 'नाही' म्हणाला, तर आजचं धर.

आणि 'नाही' म्हटल्यानं त्याचं काही बिघडता कामा नये. सहलीतून नाव गेलं, चेहरे पडले, की पुढच्या वेळी तो 'हो'च म्हणणार.

बाकीचं तुला दिसेलच. दार वाजवून उत्तराची वाट बघ. स्वयंपाकघराला घास किती मऊ हवा ते कळलं पाहिजे, आजाराचं नाव कळायचं कारण नाही. वाढदिवसाचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं तुम्ही थांबवलंत का? मी दोनदा विचारलं, तू दोन्ही वेळा टाळलंस. भिंतीवरच्या फळ्यावर कुणाला कधी संडासला झाली हे लिहिलेलं असतं, तो फळा कपाटाच्या आत लाव. सुपरवायझर म्हणतील, वेळ कुठं आहे. मीही म्हणत असे.

सोमवारी त्याच्याशी बोलायला बसशील तेव्हा आईबद्दलच विचारू नकोस. त्याच्याबद्दल तू मला लिहितेस, हेही सांग. मी कोण, कुठं असते, पत्रांचं काय करते, सगळं सांग, आणि पुढं लिहू का ते विचार. 'हो' म्हणाला तर दुसऱ्या दिवशी परत विचार. 'नको' म्हणाला तर त्याच्याविषयी एक ओळही लिहू नकोस, तुझी ख्यालीखुशाली तेवढी कळव. हे आलेलं पत्र मी तोवर बंद पाकिटात ठेवते. तो म्हणाला तर फाडून टाकीन.

तुझी,
ताई