आधी विसार, मग ब्रश

नाशिकच्या सिडकोतून एका मुलीचं पत्र आलंय, खाली नाव नाही, नुसतं 'तुमची एक' एवढंच. पत्र मोठं आहे म्हणून थोडक्यात सांगते. वय २७, लग्नाला तीन वर्षं झाली, अंबड एमआयडीसीत एका कंपनीत अकाउंट्सला आहे, पगार १८ हजार. दोन वर्षांपूर्वी आईच्या पाटल्या गहाण ठेवून ५५ हजारांचा मेकअपचा क्लास केला आणि तेव्हापासून रविवारी नाहीतर सुट्टी टाकून ब्राइडल मेकअपच्या ऑर्डरी घेते. नवरा म्हणतो छंद म्हणून कर, सासूबाई म्हणतात लोकांची तोंडं रंगवायला कशाला जायचं. मागच्या मे महिन्यात चुलत नणंदेच्या लग्नात हिने नवरी आणि घरातल्या सात बायका एवढ्यांचा मेकअप केला, पहाटे साडेतीनपासून, एक रुपया न घेता, आणि आठ दिवसांनी फोटो आले तर नवरीचा चेहरा पांढराफट आणि गळा-हात पिवळे. आता घरात तो अल्बम निघाला की ही उठून आत जाते, ब्रश हातात घेतला की हात थरथरतो म्हणते. त्यातच ऑफिसातल्या मैत्रिणीच्या बहिणीचं लग्न ठरलंय पिंपळगाव बसवंतला, साखरपुडा, हळद, लग्न तिन्हीचा मेकअप हिनेच करायचा म्हणतायत, पैशाचं विचारलं तर "आपलीच आहेस ना, बघू नंतर". तिचा प्रश्न असा की ताई, नोकरी सोडून पूर्णवेळ यात उतरू की हे सगळंच बंद करून टाकू?

अगं, दोन्ही नको. आत्ता तरी नको. पण आधी त्या अल्बमचं बोलू, कारण तुझं खरं दुखणं तिथे आहे, नोकरीचा प्रश्न नंतरचा.

मी १८ वर्षं मेहंदी काढली, पंचवटीपासून ओझरपर्यंत नवरीच्या खोलीत मी किती रात्री बसलेय त्याचा हिशोब नाही, त्यामुळे तुझं पत्र वाचताना ती खोली डोळ्यांसमोर आली. एकच आरसा, त्यात चार जणींचे मोबाईल चार्जिंगला, बाहेर गुरुजींची घाई, मामा दर पाच मिनिटांनी दार वाजवतोय, आणि तू एकटी आठ चेहरे करतेयस. साडेतीनला सुरू करून आठ चेहरे, म्हणजे नवरीला तू किती वेळ देऊ शकली असशील? तास तरी मिळाला का? एका नवरीच्या मेकअपला आणि हेअरला मिळून अडीच-तीन तास लागतात हे तुला क्लासमधे सांगितलं असणारच.

आता तो पांढरा चेहरा. तुझ्या हाताला काही झालेलं नाहीये, तू लिहिलंयस त्यावरून मला दोन कारणं दिसतायत. एक म्हणजे हळद आदल्या संध्याकाळी झाली होती, आणि हळदीचा रंग कातडीवर चांगला दिवस-दोन दिवस राहतो. चेहरा दोन-तीनदा धुतला गेला, वर फाउंडेशन बसलं, पण गळा, कान, हात तसेच पिवळे राहिले. दुसरं म्हणजे फ्लॅश. सनस्क्रीन असलेल्या बेसमधे टायटॅनियम डायऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइड असतं, वरून ती सिलिकावाली बारीक पांढरी पावडर दाबून लावली की फ्लॅशचा उजेड त्यावरून परत फिरतो आणि चेहरा फोटोत पिठासारखा दिसतो. खोलीतल्या ट्यूबलाइटमधे, आरशात, फ्लॅश नसलेल्या मोबाईलवर काहीही कळत नाही, सगळं छान दिसत असतं, म्हणून तर तुला तेव्हा समजलं नाही. यावर उपाय अगदी साधा आहे, नवरी खोलीतून बाहेर पडायच्या आधी तिचा फ्लॅश मारून एक फोटो काढायचा, चेहरा आणि गळा दोन्ही येईल असा. पांढरं दिसलं तर तेव्हाच पावडर झाडता येते. शेड नुसती गालावर बघायची नाही, गळ्यावर आणि छातीवरही बघायची, आणि लावून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं कारण काही फाउंडेशन हवा लागली की गडद होतात. हळदीच्या दिवशी नवरीच्या आईला आधीच सांगून ठेवायचं की चेहऱ्याला बोट लावल्यापुरतीच हळद लावा, हातापायाला हवी तेवढी लावा. मी सांगायचे तेव्हा बायका ऐकायच्या, शास्त्रही झालं आणि चेहराही राहिला.

पण मुली, हे सगळं ट्रायलला, म्हणजे लग्नाआधी एकदा मेकअप करून बघतो तेव्हा, कळतं. आणि ट्रायल झालीच नाही कारण ते काम फुकट होतं! हेच मला तुला मनापासून सांगायचंय. फुकट केलं म्हणजे नुसते पैसे सोडले असं नसतं, पैसे नाहीत म्हणून ट्रायल नाही, ट्रायल नाही म्हणून शेड बघितली नाही, कातडीला चालतंय का ती पॅच टेस्ट नाही, किती जणींचा मेकअप करायचा ते ठरलं नाही म्हणून आयत्या वेळी काकू बसली, आत्या बसली, आत्याची सून बसली, आणि तुला नाही म्हणायला तोंडच राहिलं नाही. त्या लग्नात तुझा मेकअप नाही बिघडला गं, तिथे काही ठरलेलंच नव्हतं.

आपल्याकडे लग्न ठरलं की पहिल्यांदा काय होतं बघ. लॉन्सला अॅडव्हान्स जातो, आचाऱ्याला जातो, बँडवाल्याला सुपारी दिल्याशिवाय तो तारीख धरतच नाही, फोटोग्राफर अर्धे पैसे आधी घेतो, घोडेवाल्याला सुद्धा विसार मिळतो. आणि यातलं कुणीही अनोळखी नसतं, बँडवाला गावातलाच असतो, आचारी तीन पिढ्यांचा असतो, तरी विसार देताना कुणाला वाईट वाटत नाही. मेकअपवालीलाच तेवढं "आपलीच आहेस". मला पण नाशिकरोडच्या एका घरात नवरी आणि चौदा बायकांची मेहंदी काढून झाल्यावर पहाटे चारला "नंतर देतो" म्हणाले, ते पैसे आजतागायत आले नाहीत, आणि मी त्या बाईला मंगल कार्यात भेटले की अजून मान खाली घालते, जणू मीच काही चुकले. तुझ्या बाबतीत असं व्हायला नको म्हणून एवढं कळकळीने लिहितेय.

तर पिंपळगावचं काम घे, पण विसार घेऊन. त्याआधी वहीत हिशोब मांड. तू लिहिलंयस की लग्नाच्या दिवसाचे चार हजार घेते. आता बघ, पहाटे गाडी करून जाऊन-येऊन ९००, केसांना मदतीला येणाऱ्या मुलीचे ८००, प्रॉडक्ट झिजतात ते धर ६००, पापण्या, ग्लू, डिस्पोजेबल मस्कारा वँड, वाइप्स असे २५०. उरले १४५०. पहाटे तीनला घर सोडून दुपारी बाराला परत, नऊ तास, म्हणजे तासाला १६० रुपये आणि त्यात ट्रायलचा दिवस धरलेलाच नाही. हा आकडा नवऱ्याला दाखव, पण त्याआधी तू स्वतः नीट बघ. दर ठरवताना समोरची ओळखीची आहे की नाही हे मनात आणायचं नाही, खर्च किती आणि तास किती एवढंच बघायचं. ओळखीतल्यांना काही द्यायचंच असेल तर आईचा हलका मेकअप तुझ्याकडून भेट म्हणून दे, नवरीचे पैसे कमी करू नको.

मेसेजवर लिहूनच पाठव, तोंडी नको: तिन्ही कार्यक्रमांचे एकूण किती, त्यातले अर्धे तारीख धरायला, उरलेले लग्नाच्या दिवशी ब्रश उघडायच्या आधी, येण्याजाण्याचा खर्च वेगळा, नवरी सोडून किती जणी आणि प्रत्येकीचे किती, ट्रायल कधी. ट्रायलच्या दिवशी कानामागे किंवा कोपराच्या आत बेस आणि पापण्यांचा ग्लू दोन्ही थोडं लावून दुसऱ्या दिवसापर्यंत वाट बघ, ग्लूमधल्या लेटेक्सने कुणाकुणाचे डोळे सुजतात आणि ते लग्नाच्या सकाळी कळून काही उपयोग नसतो. हे वाचून त्यांनी दुसरी कुणी बघितली तर बघू दे. वाईट वाटेल, पण आणखी एक अल्बम तुझ्या गळ्यात पडण्यापेक्षा ते बरं.

आता नोकरी. तुझं काम मुहूर्तावर चालणार आहे हे विसरू नको. तुळशीचं लग्न झालं की सीझन सुरू, पौषात पुन्हा थंड, मग माघ-फाल्गुनापासून मे पर्यंत गर्दी, आणि आषाढी ते कार्तिकी चातुर्मास, म्हणजे चार महिने नवरीचं काम जवळपास नाहीच. त्यात २०२६ मधे अधिक ज्येष्ठ आलाय, १७ मे ते १५ जून, ऐन सुट्टीतले ते मुहूर्त गेले. पुढे २०२७ ला आपल्याकडे सिंहस्थ कुंभमेळा, काही घरांमधे सिंहस्थात कार्य करत नाहीत, शिवाय पर्वणीच्या दिवसांत पंचवटीत गाडी घेऊन जाणंच अवघड. अशा काळात दर महिन्याचे १८ हजार सोडून देणं मला बरोबर वाटत नाही. घरखर्चातला तुझा वाटा सहा महिने पुरेल एवढे पैसे बाजूला पडू दे आणि एका सीझनच्या विसार घेतलेल्या, नुसत्या तोंडी नाही, दहा-बारा तारखा हातात येऊ देत, मग राजीनाम्याचं बोलू. आणि त्याच्याही आधी आईच्या पाटल्या सोडव. तू त्यांच्याबद्दल एकच ओळ लिहिलीस पण ती ओळ मला सगळ्या पत्रापेक्षा जड वाटली. नवीन व्हॅनिटी, एअरब्रश मशीन वगैरे पाटल्या घरी आल्यावर, त्यासाठी कर्ज काढू नको.

पावसाळ्यात रिकामी बसू नको मात्र. श्रावणात मंगळागौरीचे ग्रुप असतात, नऊवारी आणि खोपा एकदम दहा जणींना हवा असतो. डोहाळजेवणं आहेत, नवरात्रात गरब्याच्या मुली आहेत, गंगापूर धरणाकडच्या द्राक्षमळ्यांत प्रीवेडिंग शूटला येणारी जोडपी आहेत. हे काम थोड्या पैशांचं असतं पण यात हात परत बसेल, थरथर जाईल. लहान धंद्यासाठीची उद्यम नोंदणीही करून टाक, सरकारी पोर्टलवर ती फुकट होते, कुणी एजंट पैसे मागायला लागला तर देऊ नको.

सासूबाईंचं. "तोंडं रंगवायला" हे त्यांच्या तोंडचं वाक्य तुला लागलंय, लागणारच. पण ते फार जुन्या काळातून आलंय गं. आपल्या त्र्यंबकचे दादासाहेब फाळके, १९१३ ला राजा हरिश्चंद्र केला तेव्हा तारामतीचं काम साळुंके नावाच्या पुरुषाने केलं, कारण तोंडाला रंग लावून उभी राहायला बाई तयार होईना. आणि रंग लावणाऱ्या बाईचं तर त्याहून अवघड, मुंबईच्या सिनेमा युनियनमधे बायकांना हेअरड्रेसर म्हणून कार्ड मिळायचं, मेकअप आर्टिस्ट म्हणून नाही. मेकअप आर्टिस्ट चारू खुराना त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेल्या आणि नोव्हेंबर २०१४ मधे कोर्टाने तो नियम रद्द केला. म्हणजे आत्ता परवाचीच गोष्ट आहे ही, सासूबाईंना हे काम परकं वाटलं तर त्यात त्यांचा एकटीचा दोष नाही.

त्यांच्याशी वाद घालू नको. तू पत्रात सहज लिहून गेलीस की गल्लीतल्या सगळ्या बायका मंगळागौरीला त्यांच्याकडून नऊवारी नेसून घेतात. अगं, शिवलेल्या नऊवारीच्या जमान्यात चापूनचोपून खरी नऊवारी नेसवणारी बाई नवरीला सापडत नाही! त्यांना विचार, आई, पिंपळगावला येता का माझ्यासोबत नवरीला नेसवायला. आणि आल्या तर त्यांचेही पैसे त्या मेसेजमधे वेगळे लिही आणि त्यांच्या हातात दे. नाही म्हणाल्या तर राहू दे, विचारलंस एवढं त्यांच्या लक्षात राहील.

नवऱ्याला छंद म्हणू दे सध्या, वही भरत गेली की तो स्वतःच विचारेल या महिन्यात किती झाले.

तो अल्बम पुन्हा निघाला तर उठून आत जाऊ नको. नणंदेजवळ बस आणि सरळ सांग की तुझी ट्रायल घ्यायला हवी होती, माझं चुकलं, तुझ्या पहिल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी तुला काळ्या साडीवर तयार करते, आदल्या आठवड्यात ट्रायल घेऊन. ते एक मात्र खुशाल फुकट कर. आणि पिंपळगावला मेसेज आज रात्रीच पाठव, तारीख दुसऱ्या कुणाला जायच्या आत, विसार आला की मला कळव.