प्लेऑफ (विजेता ठरवणारी बाद फेरी) आल्यावर अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या बाऊल गेम्सना, म्हणजे हंगामानंतरच्या खास सामन्यांना, काही अर्थ उरला आहे का?

उरला आहे. 'बाऊल म्हणजे हंगामानंतरची सहल' हे मत मला मुळीच मान्य नाही आणि 2007 ची फिएस्टा बाऊल बॉइझी स्टेट विद्यापीठाने नशिबावर जिंकली हे तर त्याहून नाही.

1 जानेवारी, ग्लेनडेल, अ‍ॅरिझोना. बॉइझी स्टेट ओक्लाहोमाविरुद्ध 28-35 ने मागे, 18 सेकंद बाकी, चौथा डाउन (म्हणजे शेवटची संधी), चेंडू राखायला हवे 18 यार्ड, चेंडू मैदानाच्या मधोमध. क्वार्टरबॅक (चेंडू फेकून डाव चालवणारा) झाब्रान्स्कीने ड्रिसन जेम्सला पास दिला तो जेमतेम 15 यार्डांवर. इथेच खरी मेख आहे. चेंडू फर्स्ट डाउनच्या (त्या 18 यार्डांच्या) खुणेअलीकडे झेलला गेल्यावर बचावपटू जेम्सला तिथेच अडवायला धावणार, हे ठरलेलं. ते धावले, आणि उलट बाजूने येणाऱ्या जेरार्ड रॅबला जेम्सने लॅटरल, म्हणजे बाजूला किंवा मागे पास, दिला. पुढचे 35 यार्ड रॅब मोकळा: 6 गुणांचा टचडाउन, वर किकचा 1 गुण, 35-35. लॅटरल लवकर दिला तर बचाव अजून पसरलेला असतो, उशिरा दिला तर देणाराच आडवा होतो. किंचित पुढे गेला तर फाउल, हातातून सुटला तर जो उचलेल त्याचा. असला डाव नशिबावर बसत नाही.

ओव्हरटाइममध्ये ओक्लाहोमाच्या एड्रियन पीटरसनने पहिल्याच खेळीत 25 यार्ड धावून टचडाउन केला, किकसह 35-42. बॉइझीने चौथ्या डाउनवर क्वार्टरबॅकऐवजी विनी पेरेटाकडे थेट स्नॅप (डाव सुरू करताना मागे दिलेला चेंडू) देऊन त्याच्याकडून पास टाकवला: 41-42. किक मारून बरोबरी हातात होती, पण बॉइझीचा प्रशिक्षक ख्रिस पीटरसनने किकऐवजी दोन गुणांचा डाव लावला. उजवीकडे तीन रिसीव्हर (पास झेलणारे), झाब्रान्स्कीने रिकामा उजवा हात तिकडे फेकला, चेंडू डाव्या हातात पाठीमागे. इयन जॉन्सनने तो घेतला आणि डावीकडून आत गेला. 43-42. माझ्या मते निर्णय शंभर टक्के बरोबर: एड्रियन पीटरसनसारख्या धावपटूला पुन्हा संधी देण्यापेक्षा 3 यार्डांचा एक डाव परवडतो.

एवढं करून 13-0 राहिलेला, म्हणजे एकही सामना न हरलेला, संघ एपी वृत्तसंस्थेच्या शेवटच्या क्रमवारीत पाचवा, आणि एक सामना हरलेली फ्लोरिडा विजेती. दोष बाऊलचा नव्हता, निवडपद्धतीचा होता. 2024 च्या हंगामात प्लेऑफ 12 संघांचा झाला, तेव्हा बॉइझी आत आली आणि उपांत्यपूर्व फेरी खेळली ती फिएस्टा बाऊलमध्येच. पेन स्टेटकडून 14-31 ने हरली, पण मैदानात हरली.

आता प्लेऑफबाहेरच्या बाऊलबद्दल. तिथे साधारण 6 विजयांवर प्रवेश मिळतो आणि एनएफएलला (व्यावसायिक लीगला) निघालेले खेळाडू दुखापतीच्या भीतीने बसून राहतात. त्यांना नावं ठेवू नका. 2016 च्या फिएस्टा बाऊलमध्ये एनएफएलच्या वाटेवरच्या जेलन स्मिथचा गुडघा कसा गेला ते आठवा. असा सामना बघायचाच तर आधी कोण बाहेर आहे ते तपासा, विशेषतः क्वार्टरबॅक आणि त्याची डावी बाजू राखणारा लेफ्ट टॅकल. ते दोघेही नसतील तर निकालावरून संघ जोखू नका, पुढच्या वर्षीची पोरं कशी खेळतात ते बघा.